वीस रुपयांचा दंड



१२ डिसेंबर १९५९ रोजी मुंबईतल्या 'हॅपी बुक स्टॉल' या दुकानात एक गिऱ्हाईक आले आणि त्याने डी. एच. लॉरेन्स यांच्या 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या कादंबरीची, काटछाट न केलेल्या आवृत्तीची, एक प्रत विकत घेतली. गिऱ्हाईक बनावट होते. खटल्याला पुरावा हवा म्हणून त्याला पाठवले होते. दुकानाच्या चारही भागीदारांवर भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ खाली अश्लील पुस्तक विकल्याचा आणि विक्रीसाठी जवळ बाळगल्याचा आरोप ठेवण्यात आला. लेखक तीस वर्षांपूर्वीच वारला होता, प्रकाशक परदेशात होता. आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले ते पुस्तक लिहिणारे नव्हते, छापणारे नव्हते, फळीवर ठेवणारे होते. कादंबरीची वाङ्मयीन बाजू सांगायला लेखक डॉ. मुल्कराज आनंद साक्षीला आले. मॅजिस्ट्रेटने चौघांना दोषी ठरवून प्रत्येकी २० रुपये दंड केला. तो न भरल्यास एक आठवड्याची साधी कैद. आज या वीस रुपयांविषयी बोलायचे आहे. पुस्तकावरच्या बंदीची चर्चा आपण नेहमी लेखकापासून सुरू करतो आणि सरकारपाशी संपवतो. या दोघांच्या मधे जो माणूस दुकान उघडून बसलेला असतो, त्याचा विचार फारसा होत नाही. माझे म्हणणे असे आहे की एखाद्या समाजात वाचनाचे स्वातंत्र्य किती आहे हे मोजायचे असेल, तर तिथला पुस्तकविक्रेता कायद्यापुढे आणि गर्दीपुढे किती सुरक्षित आहे हे पाहावे. तो सुरक्षित नसेल तर लेखकाला दिलेले स्वातंत्र्य वाचकाच्या हातापर्यंत पोहोचत नाही.

वीस रुपये ही रक्कम १९६० च्या सुमारासही व्यवसाय बुडवणारी नव्हती. ती भरून मोकळे होणे सोपे होते. पण भागीदारांपैकी रणजित उदेशी यांनी ती शिक्षा मान्य केली नाही. मुंबई उच्च न्यायालयात दाद मिळाली नाही, तेव्हा ते सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्यासह पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठासमोर सुनावणी झाली आणि १९ ऑगस्ट १९६४ रोजी न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिलेला निकाल जाहीर झाला. उदेशी यांच्या बाजूने मांडलेले मुद्दे मुख्यतः तीन होते. कलम २९२ संविधानाने दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत आहे. ही कादंबरी अश्लील नाही. आणि, आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा म्हणजे, पुस्तकात काय आहे हे विक्रेत्याला ठाऊक होते आणि तरी त्याने ते विकले, हे सरकार पक्षाने सिद्ध केले पाहिजे. हल्ली पुस्तके इतकी निघतात आणि त्यांत इतके नाना प्रकारचे लिहिलेले असते की प्रत्येकात काय आहे हे विक्रेत्याला माहीत असेल असे गृहीत धरता येणार नाही, हा त्यामागचा साधा व्यवहार होता. न्यायालयाने तिन्ही मुद्दे नाकारले. विक्रेत्याचे ज्ञान हा गुन्ह्याचा घटक म्हणून कलमात लिहिलेलाच नाही, ते सिद्ध करण्याची सक्ती केली तर गुन्हेगाराला जवळजवळ अभेद्य कवच मिळेल, माहिती नसणे ही फार तर शिक्षा सौम्य करण्याची बाब ठरेल, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. इंग्लंडच्या १९५९ च्या कायद्यात मात्र विक्रेत्याला बचाव दिलेला होता: आपण वस्तू तपासलेली नव्हती आणि संशय यावा असे काही कारणही नव्हते, हे त्याने दाखवले तर तो सुटतो. आपल्याकडे असा अपवाद हवा असेल तर तो संसदेने करावा, आम्ही आहे तो कायदा लावू, अशी भूमिका न्यायालयाने घेतली.

आता तारखांचा एक योग पाहा. हॅपी बुक स्टॉलमध्ये ते गिऱ्हाईक आले त्यानंतर दोनच दिवसांनी, १४ डिसेंबर १९५९ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हाच प्रश्न उलट दिशेने सोडवला. लॉस एंजेलिसमधले पुस्तकविक्रेते एलिझर स्मिथ यांना दुकानात एक अश्लील पुस्तक ठेवल्याबद्दल शिक्षा झाली होती. तिथल्या शहराच्या नियमातही विक्रेत्याला पुस्तकातला मजकूर माहीत असण्याची अट नव्हती. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिलेल्या निकालाने तो नियम घटनाबाह्य ठरवला. त्यांचा युक्तिवाद अश्लीलतेच्या बाजूने मुळीच नव्हता. अश्लील पुस्तकाला संरक्षण नाही, हे त्यांनी गृहीतच धरले होते. त्यांचे बोट वेगळ्याच परिणामाकडे होते. माहीत नसलेल्या मजकुरासाठीही तुरुंगात जावे लागणार असेल तर विक्रेता फक्त स्वतः तपासलेली पुस्तकेच विकील. त्यामुळे वाईट पुस्तकांबरोबर असंख्य चांगली, पूर्णपणे कायदेशीर पुस्तकेही दुकानाबाहेर राहतील. आणि ही छाटणी सरकारने उघडपणे केली असती तर जी घटनेने रोखली असती, ती आता विक्रेत्याच्या हातून, त्याच्या भीतीतून, गुपचूप होत राहील. विक्रेत्याला मजकूर माहीत होता का, हाच प्रश्न दोन वर्षांपूर्वी सॅन फ्रान्सिस्कोच्या 'सिटी लाइट्स' दुकानाच्या बाबतीत आला होता. ॲलन गिन्सबर्ग यांचा 'हाउल' हा कवितासंग्रह विकल्याबद्दल तिथे काम करणारे शिगेयोशी मुराओ यांना अटक झाली. ते पुस्तक त्यांना माहीत होते याचा पुरावा सरकार पक्षाकडे नव्हता, म्हणून त्यांच्यावरचा आरोप गळून पडला.

हा युक्तिवाद आपल्या बाजारात आणून तपासू. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या किंवा एखाद्या जिल्ह्याच्या गावातल्या मध्यम दुकानाचे दृश्य डोळ्यांसमोर आणा. सकाळी वितरकाकडून गठ्ठे येतात. सुतळी कापायची, बिलावरची नावे प्रतींशी जुळवायची, किमती पाहायच्या, विषयवार फळ्या लावायच्या. काही पुस्तके रोखीची, काही उधारीची, काही न खपल्यास परत करण्याच्या बोलीवरची. जून महिना असेल तर पाठ्यपुस्तके आणि वह्यांनी पाय ठेवायला जागा नसते. दिवाळीच्या तोंडावर अंकांचे ढीग लागतात. दुकानात हजारो शीर्षके असतात आणि माणसे दोन किंवा तीन. चांगला विक्रेता वाचतोही खूप, पण त्याचे वाचन म्हणजे त्याच्या दुकानातल्या पुस्तकांचा छोटा अंश. गिऱ्हाइकाने नाव सांगताच पुस्तक कोणत्या कपाटात आहे, कोणत्या प्रकाशनाचे आहे, नवी आवृत्ती निघाली की नाही, हे त्याला तोंडपाठ असते. ते त्याचे ज्ञान. पृष्ठ २१४ वर काय लिहिले आहे याची हमी त्याच्याकडून घेणे म्हणजे औषधाच्या दुकानदाराकडून प्रत्येक गोळीचे रासायनिक पृथक्करण मागण्यासारखे आहे. ते मागितले की तो काय करील? सहीसलामत खपणारी पुस्तके ठेवील. अभ्यासाच्या गाइडांना, पाककृतींना, चरित्रांच्या खात्रीच्या आवृत्त्यांना कधीच धोका नसतो. धोका असतो नव्या लेखकाच्या पहिल्या कादंबरीला, लहान प्रकाशकाच्या वैचारिक पुस्तकाला, अनोळखी भाषांतराला. ज्या पुस्तकाला विक्रेत्याच्या धाडसाची सर्वांत जास्त गरज असते तेच आधी फळीवरून उतरते.

यावर कोणी म्हणेल की सरळ डोळ्यांना काय अश्लील आहे ते कळते. त्यासाठी पुस्तक आतून वाचावे लागत नाही. मराठीतल्याच एका खटल्याने याचे उत्तर दिले आहे. चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात आली. खटला झाला. मॅजिस्ट्रेटने सगळा मजकूर तपासून आरोपींना निर्दोष ठरवले. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून लेखकाला आणि प्रकाशकाला दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये तीच कथा, तेच परिच्छेद वाचून लेखकाची शिक्षा रद्द केली. कायद्याचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या माणसांनी, हातात वेळ आणि दोन्ही बाजूंचे वकील असताना, एकाच कथेबद्दल तीन पायऱ्यांवर दोनदा मत बदलले. मग दिवाळीच्या गर्दीत अंकांचे गठ्ठे सोडणाऱ्या विक्रेत्याने ते एका नजरेत ठरवायचे, ही अपेक्षा न्याय्य कशी? 'लेडी चॅटर्ली'चेही तसेच. नोव्हेंबर १९६० मध्ये लंडनच्या ज्यूरीने पेंग्विन प्रकाशनाला याच कादंबरीबद्दल निर्दोष सोडले, आणि चार वर्षांनी आपल्या न्यायालयाने ती विकणाऱ्याची शिक्षा कायम केली. कादंबरीतला एक शब्दही मधे बदललेला नव्हता. २०१४ मध्ये अवीक सरकार खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने व्हिक्टोरियाच्या काळातली, १८६८ सालची, अश्लीलता ठरवण्याची जुनी हिक्लिन कसोटी बाजूला ठेवून समकालीन समाजाची कसोटी स्वीकारली. हे स्वागतार्ह झाले. पण कसोटी बदलली तरी विक्रेत्याची जागा बदलली नाही. आज कोणती कसोटी चालू आहे आणि तिच्यावर हे पुस्तक उतरेल की नाही, हे अजूनही त्यानेच आधी ओळखायचे आणि चुकल्यास त्यानेच भोगायचे आहे.

संसदेने अपवाद करावा, असे १९६४ मध्ये न्यायालय म्हणाले होते. संसदेने पुढे काय केले? १९६९ च्या दुरुस्तीने विज्ञान, वाङ्मय, कला, विद्या यांच्या हितासाठी असलेल्या प्रकाशनांना कलमातून सूट मिळाली, ही मोठी गोष्ट झाली. पण त्याच दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याची शिक्षा तीन महिन्यांवरून दोन वर्षांपर्यंत वाढवली, आणि इंग्लंडच्या कायद्यातला तो अजाण विक्रेत्याचा बचाव काही आला नाही. २०२३ ची भारतीय न्याय संहिता आली, कलमाचा क्रमांक २९४ झाला, दंडाचे आकडे वाढले. बचाव याही वेळी आला नाही. आता याच्या शेजारी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ ठेवून वाचा. इंटरनेटवर मध्यस्थ म्हणून काम करणाऱ्या कंपन्यांना, दुसऱ्याने टाकलेल्या मजकुराबद्दल, अटी पाळल्यास जबाबदारीतून मोकळीक आहे. श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ आणखी स्पष्ट केला: न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची सूचना हाती आली, तरच त्या मध्यस्थाला प्रत्यक्ष माहिती होती असे धरायचे. ही तरतूद योग्यच आहे. ती नसती तर इंटरनेटवर संवाद चाललाच नसता. पण ज्या कारणासाठी ती योग्य आहे तेच कारण पुस्तकाच्या दुकानाला जसेच्या तसे लागू पडते. दुसऱ्याने लिहिलेला, आपण न वाचलेला, संख्येने अफाट मजकूर लोकांपर्यंत पोहोचवणे हेच दोघांचे काम. हजारो अभियंते आणि वकिलांची फौज पदरी असलेल्या कंपनीला कायदा सांगतो की आदेश येईपर्यंत तू जबाबदार नाहीस, आणि दोन नोकरांच्या दुकानाला सांगतो की तुला सगळे माहीत असायलाच हवे होते. या विषमतेचे समर्थन मला करता येत नाही.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो. विक्रेता हा व्यापारी आहे; तो नफ्यासाठी पुस्तके विकतो; त्याला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा मानकरी कशाला करायचे? आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे आणि तिच्यात कमीपणा काही नाही. कमिशनवर घर चालवणारा माणूस पुस्तक गावोगाव नेतो म्हणूनच वाङ्मय जगते. पण त्याचे संरक्षण त्याच्या हेतूवर अवलंबून नाही, त्याच्या कामावर आहे. १९५० मध्ये, प्रजासत्ताक चार महिन्यांचे असताना, सर्वोच्च न्यायालयाने रोमेश थापर यांच्या अर्जावर हे ठरवून टाकले. मुंबईहून निघणाऱ्या त्यांच्या 'क्रॉस रोड्स' साप्ताहिकाला मद्रास सरकारने आपल्या प्रांतात प्रवेश आणि विक्री बंद केली होती. छापायला कोणी अडवले नव्हते. न्यायालय म्हणाले की प्रसाराचे स्वातंत्र्य हे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचेच अंग आहे. छापलेले पोहोचू दिले नाही तर छापण्याला अर्थ उरत नाही. अनुच्छेद १९(१)(क) मधला हक्क असा लेखकाच्या टेबलापासून वाचकाच्या घरापर्यंत सलग जातो. विक्रेता त्या वाटेवरचा पूल आहे. पुलावरून जाणारे प्रत्येक वाहन पुलाला पसंत असावे लागत नाही, आणि विक्रेत्यालाही प्रत्येक पुस्तक पटावे लागत नाही. न पटणाऱ्या पुस्तकासाठी जागा ठेवणारा विक्रेता त्या पुस्तकाचा पुरस्कार करत नाही, वाचकाच्या निवडीचा आदर करतो.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. काही पुस्तके खरोखरच माणसांच्या श्रद्धा दुखावतात, समाजात तेढ माजवतात. ती विकण्याचे स्वातंत्र्य मोकळे सोडायचे का? संविधानाने ते कधीच पूर्ण मोकळे सोडलेले नाही. अनुच्छेद १९(२) मध्ये वाजवी निर्बंधांची जागा आहे. राज्य सरकार आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ खाली एखादे पुस्तक जप्त घोषित करू शकते; त्यासाठी अधिसूचना काढावी लागते, कारणे लिहावी लागतात, आणि ज्याचा त्या पुस्तकाशी हितसंबंध आहे त्याला दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाकडे जाता येते. ही वाट खडतर असली तरी उघड्यावरची आहे. महाराष्ट्राने ती चालून पाहिली आहे. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकातल्या विधानांनी इथे खोल संताप झाला. संताप व्यक्त करण्याचा हक्कही त्याच अनुच्छेदातला आहे. पण क्रम आठवा. नोव्हेंबर २००३ मध्ये प्रकाशकाने पुस्तक मागे घेतले, तेव्हा सरकारी आदेश निघालेलाच नव्हता. ५ जानेवारी २००४ रोजी याच वादातून पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. जप्तीची अधिसूचना त्यानंतर आली. ती मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निकाल कायम ठेवला. पुस्तकाबद्दल कोणाचे मत काहीही असो, दुकानातून ते नाहीसे होण्यासाठी आदेशाची गरज पडली नाही, आणि आदेश रद्द झाला म्हणून फळी आपोआप भरत नाही. म्हणून विक्रेत्याची मागणी इतकीच असावी: कायदेशीर लेखी आदेश आला तर मी तो पाळीन आणि हवे तर न्यायालयात आव्हान देईन, पण फोनवरच्या सूचनेवर, दारात आलेल्या चारजणांच्या दमावर मी पुस्तक उतरवणार नाही. कायद्याचे राज्य मानणाऱ्या माणसाची ही भूमिका आहे.

यावर उलट विचारले जाईल की दमदाटीपुढे दुकानदाराने छाती पुढे करायची कशी? काच फुटली तर भरपाई कोण देणार? हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही. कॅलिफोर्नियात बर्कली इथल्या 'कोडीज' या दुकानावर २८ फेब्रुवारी १९८९ च्या पहाटे, सलमान रश्दी यांच्या 'सॅटॅनिक व्हर्सेस'वरून, पेटता बॉम्ब टाकला गेला. सफाई करताना न फुटलेला आणखी एक बॉम्ब सापडला. मालक अँडी रॉस यांनी निर्णय एकट्याने घेतला नाही. धोका गल्ल्यावर उभे राहणाऱ्यांना होता, म्हणून त्यांनी कर्मचाऱ्यांना विचारले. आणि पुस्तक विकत राहायचे असे सर्वांनी एकमताने ठरवले. हे धैर्य वंदनीय आहे. पण ते कोणाकडून सक्तीने मागता येत नाही आणि मागू नये. धैर्याची पाळी विक्रेत्यावर येऊ न देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. त्याच १९८९ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एस. रंगराजन खटल्यात एका तमिळ चित्रपटाच्या निमित्ताने स्पष्ट केले की निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपोटी अभिव्यक्तिस्वातंत्र्य दाबता येत नाही. शांतता राखणे ही राज्याची जबाबदारी आहे आणि ती झेपत नाही असे म्हणण्याची सोय राज्याला नाही. तेव्हा दुकानासमोर जमाव आला तर पोलिसांनी पुस्तक हलवायला सांगायचे की जमाव हलवायचा, याचे उत्तर पस्तीस वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे.

आणखी एक शंका उरते, आणि ती सुज्ञ वाचकाची आहे. दुकानात जागा मर्यादित असते. विक्रेता रोजच काही पुस्तके नाकारतो. ती नाकारणी चालते आणि धमकीने उतरवलेले चालत नाही, हा भेद कुठून आणला? मला वाटते तो अगदी व्यवहारातला भेद आहे. निवड करणारा विक्रेता आपले कारण सांगू शकतो: हे खपत नाही, हा विषय आमच्याकडे येणारे वाचत नाहीत, हे मला निकृष्ट वाटते. त्याने नाकारलेले पुस्तक शेजारचा विक्रेता ठेवतो, कोणी मागणी नोंदवली तर तोही चार दिवसांत मागवून देतो. भीतीने केलेली छाटणी कारण सांगत नाही. 'शिल्लक नाही' एवढेच सांगते. आणि ती एका दुकानापुरती राहत नाही. एकाकडे धाड पडली की त्याच रात्री सगळ्या चौकातल्या फळ्या बदलतात. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये एकाच अधिसूचनेने २५ पुस्तके जप्त घोषित झाली आणि पाठोपाठ श्रीनगरच्या दुकानांची झडती झाली. अशा झडतीनंतर यादीत नसलेले सव्विसावे पुस्तकही विक्रेता हातात घेऊन दोनदा विचार करतो. त्या सव्विसाव्या पुस्तकाची नोंद कोणत्याच अधिसूचनेत सापडणार नाही.

पुस्तक फळीवर ठेवण्यापलीकडे विक्रेता वाचकासाठी काय सांभाळू शकतो हे अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या 'टॅटर्ड कव्हर' या दुकानाने दाखवले. २००० साली पोलिसांना अमली पदार्थांच्या तपासात कचऱ्यात त्या दुकानाचे एक रिकामे पाकीट मिळाले. त्यातून कोणते पुस्तक कोणाला गेले हे त्यांना हवे होते. मालकीण जॉइस मेस्किस यांनी गिऱ्हाइकाची नोंद द्यायला नकार दिला आणि प्रकरण कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. २००२ मध्ये न्यायालयाने एकमताने दुकानाच्या बाजूने निकाल दिला: आपण काय वाचतो याची पाळत आहे हे कळले की माणूस वाचायला कचरतो, म्हणून अशी झडती सहजासहजी देता येणार नाही. त्या पाकिटातले पुस्तक जपानी सुलेखनाचे होते, हे पुढे प्रसिद्ध झाले. पण ते अमली पदार्थांवरचे असते तरी तत्त्व तेच राहिले असते, आणि मेस्किस यांनी पुस्तकाचा विषय न सांगताच ती लढाई लढली, हे मला त्यात सर्वांत मोलाचे वाटते.

आपल्याला काय करता येईल? न्याय संहितेच्या कलम २९४ मध्ये, मजकुराची माहिती नसलेल्या आणि संशयाचे कारण नसलेल्या विक्रेत्याला, ग्रंथपालाला आणि वितरकाला स्पष्ट बचाव देणारी दोन ओळींची तरतूद हवी. साठ वर्षांपूर्वी न्यायालयाने ज्या दाराकडे बोट दाखवले तेच हे दार आहे. लेखी, कारणे दिलेल्या, प्रसिद्ध झालेल्या आदेशावाचून कोणत्याही अधिकाऱ्याने दुकानातून पुस्तक उचलू नये, आणि उचलल्यास जागेवर पंचनामा करून त्याची प्रत द्यावी. विक्रेत्यांच्या संघटनांनी एकट्या दुकानदाराला एकटे पडू न देता वकील आणि खर्च यांची सोय आधीच करून ठेवावी, कारण वीस रुपयांच्या दंडापायी सर्वोच्च न्यायालय गाठणे प्रत्येकाला परवडत नाही. आणि वाचकांनी दुकानात जाऊन पुस्तक मागावे, नसेल तर नाव नोंदवून यावे. मागणीची ती चिठ्ठी विक्रेत्याला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त बळ देते.

रणजित उदेशी हरले. कायद्याच्या पुस्तकांत त्यांचे नाव विरुद्ध गेलेल्या निकालाचे नाव म्हणून राहिले आहे. तरीही त्यांनी विचारलेला प्रश्न चुकीचा होता असे त्या निकालाने कुठेही म्हटलेले नाही. उत्तर देणे संसदेचे काम आहे, एवढेच म्हटले आहे. वीस रुपये भरून ते घरी गेले असते तर तो प्रश्न आज कागदावर नसता. तो कागदावर आहे, आणि त्याचे उत्तर मिळवण्याचे काम आता आपल्याकडे आले आहे.